‘कझन’ या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: उच्चार, जोर आणि नातं

‘कझन’ हा शब्द आता मराठी घरांत सर्रास बोलला जातो, तरी त्याच्या उच्चाराबद्दल आणि विशेषतः ‘सेकंड’, ‘वन्स रिमूव्ह्ड’ या जोडण्यांबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. इंग्रजी शिकणारे, नातवंडांशी परदेशात इंग्रजीत बोलावं लागणारे आजी-आजोबा आणि व्हिसाचा अर्ज भरणारे, अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी उच्चार, मग नातं आणि शेवटी कागदपत्रं.

१. ‘कझन’मध्ये सिलॅबल किती?

दोन: ‘क’ आणि ‘झन’. सिलॅबल म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. मराठीत लिहिताना तीन अक्षरं दिसतात म्हणून गोंधळ होतो, पण आपण ‘कमळ’सुद्धा ‘क-मळ’ असं दोन झटक्यांतच म्हणतो. सगळ्यात सोपी खूण म्हणजे ‘डझन’. इंग्रजीत या दोन शब्दांचं यमक अगदी तंतोतंत जुळतं. बाजारात ‘एक डझन केळी’ म्हणताना जो उच्चार सहज होतो, तोच ‘ड’च्या जागी ‘क’ घालून म्हणा.

दुसऱ्या सिलॅबलमध्ये स्वर जवळजवळ उरत नाही. ‘झ’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या हिरडीच्या अगदी जवळ असतं, आणि तिथूनच ते ‘न’साठी हिरडीला टेकतं. मध्ये तोंड उघडावं लागत नाही. आरशासमोर सावकाश म्हणून पाहिलं तर जबडा ‘क’ला खाली येतो आणि पुढे जवळजवळ हलत नाही, हे दिसेल. अनेकवचन ‘कझन्झ’ होतं. त्यातही दोनच सिलॅबल.

२. जोर कुठे द्यायचा?

पहिल्या सिलॅबलवर, नेहमीच. इंग्रजीत जोर म्हणजे नुसतं मोठ्यानं बोलणं नव्हे. जोराचा सिलॅबल थोडा लांबतो, त्याचा सूर चढतो आणि शेजारचा सिलॅबल आखडतो. मराठीत जोर बदलला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही भाग सारख्याच वजनानं म्हणतो किंवा दुसरा भाग ओढून ‘कझीन’ करतो. हे ओढणं टाळाच. इंग्रजीत स्वयंपाकशैलीसाठी ‘क्विझीन’ असा शब्द आहे आणि त्यात जोर शेवटी असतो. ‘माय कझीन इज व्हेरी गुड’ असं ऐकल्यावर समोरचा माणूस क्षणभर जेवणाचा विचार करू शकतो.

३. आम्ही आयुष्यभर ‘कझिन’ म्हणत आलो. ते चूक आहे का?

मराठी बोलताना, मराठीत लिहिताना मुळीच नाही. ‘कझिन’ हे रूप मराठीत रुळलेलं आहे. इंग्रजी बोलताना मात्र ‘कझन’ म्हणावं, आणि त्यामागे मराठीचंच एक कारण आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द लागोपाठ म्हणून पाहा. ‘माझा’मधला ‘झ’ दातांजवळून येतो, ‘माझी’मधला टाळूजवळून. ‘इ’ किंवा ‘ए’ पुढे आला की मराठी जीभ आपसूक टाळूकडे सरकते: जीव, जेवण, झिम्मा, झेंडा. म्हणून ‘कझिन’ लिहिलेलं वाचताना पुष्कळांचा उच्चार ‘जिन’सारखा होतो. ‘कझन’ लिहिलं की पुढे ‘अ’ येतो, जीभ दातांजवळच राहते आणि इंग्रजी ध्वनी आपोआप जवळ येतो. मराठी माणसानं या शब्दासाठी वेगळा सराव करायची गरज नाही, फक्त तो लिहून घेताना इकार टाळावा.

४. स्पेलिंगमध्ये ‘ओ-यू’ आहे, मग ‘काउ’ का नाही? आणि ‘एस’चा ‘झ’ कसा झाला?

‘ओ-यू’चा उच्चार आखूड ‘अ’ होणारे बरेच शब्द आपण रोज वापरतो: कंट्री, डबल, ट्रबल, टच, यंग. ‘कझन’ याच कुटुंबातला. दोन स्वरांमधला ‘एस’ इंग्रजीत पुष्कळदा ‘झ’ होतो, जसा म्युझिक, बिझी, रीझन, प्रेझेंट यांत. मात्र ‘बेसिक’मध्ये तो ‘स’च राहतो, त्यामुळे याला पक्का नियम समजू नका.

५. ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर?

सी-ओ-यू-एस वरच्या ओळीत, आय-एन खालच्या ओळीत. छपाईतली तोड स्पेलिंगच्या सोयीनं ठरते, त्यामुळे ती प्रश्न १ मधल्या उच्चाराच्या तोडीशी जुळली नाही तरी बिघडत नाही.

६. ‘सेकंड कझन वन्स रिमूव्ह्ड’ एवढं लांबलचक म्हणताना जोर कसा सांभाळायचा?

एकूण सिलॅबल सात: से-कंड, क-झन, वन्स, रि-मूव्ह्ड. ‘रिमूव्ह्ड’ला शेवटी ‘एड’ म्हणू नका, नाहीतर आठ होतात. जोर ‘से’, ‘क’, ‘वन्स’ आणि ‘मूव्ह्ड’ यांवर पडतो, आणि त्यांतला सगळ्यात ठळक ‘मूव्ह्ड’वर. नुसतं ‘फर्स्ट कझन’ म्हणताना साधारणपणे ‘क’ ठळक असतो. समोरच्यानं चुकून ‘सेकंड’ म्हटलं आणि तुम्हाला ते दुरुस्त करायचं असेल, तर ‘फर्स्ट’वर जोर द्या.

७. कझन म्हणजे नक्की कोण?

आई किंवा वडिलांच्या भावाबहिणींचं मूल. मराठीत याला आठ शब्द आहेत: चुलतभाऊ, चुलतबहीण, आतेभाऊ, आतेबहीण, मामेभाऊ, मामेबहीण, मावसभाऊ, मावसबहीण. इंग्रजीत हे आठही जण ‘कझन’. मुलगा की मुलगी, आईकडचा की वडिलांकडचा, यांतलं काहीच त्या शब्दात नाही.

या विषयातली बहुतेक कोडी एका फरकातून निर्माण होतात. मराठी नातं सांगताना कोणाच्या वाटेनं आलं ते सांगते. इंग्रजी ती वाट गाळते आणि सामायिक पूर्वज किती पिढ्या मागे आणि दोघांत किती पिढ्यांचं अंतर, एवढंच मोजते. म्हणून मराठी शब्दाला इंग्रजी शब्द शोधत बसण्यापेक्षा, इंग्रजीत बोलताना पिढ्या मोजाव्यात आणि गरज असेल तिथे वाट वेगळी सांगावी. पुढची उत्तरं याच रीतीनं दिली आहेत.

इतिहासातलं एक उदाहरण पाहा. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज, जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म आणि रशियाचा झार दुसरा निकोलस गादीवर होते. जॉर्ज बाकीच्या दोघांचाही फर्स्ट कझन, आणि इंग्रजी पुस्तकं तेवढंच सांगून पुढे जातात. मराठीत सांगायला घेतलं की घराची रचनाच समोर येते. जॉर्जची आई अलेक्झांड्रा आणि निकोलसची आई डॅगमार या डेन्मार्कच्या सख्ख्या बहिणी, म्हणजे जॉर्ज आणि निकोलस मावसभाऊ. विल्हेल्मची आई ही जॉर्जच्या वडिलांची बहीण, व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी. म्हणजे विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ आणि जॉर्ज हा विल्हेल्मचा मामेभाऊ. निकोलसची बायको अलेक्झांड्रा हीसुद्धा व्हिक्टोरियाची नात, तिच्या अ‍ॅलिस नावाच्या मुलीची मुलगी. ती जॉर्जची आतेबहीण आणि विल्हेल्मची मावसबहीण. चार माणसं, इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. मराठीत मात्र कोणाची आजी एक, कोणाच्या आया बहिणी, हे नात्याच्या नावातच कळतं.

८. एवढी वेगवेगळी नाती इंग्रजीनं एका शब्दात का कोंबली?

शब्दाचा प्रवास पाहिला तर मौज वाटेल. ‘कझन’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिन ‘कोन्सोब्रिनुस’वरून. त्या शब्दात बहिणीसाठीचा लॅटिन शब्द ‘सोरोर’ दडलेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आईच्या बहिणीचं मूल. म्हणजे कझन मुळात मावसभाऊ! जुन्या लॅटिनमध्ये आपल्यासारखीच चार वेगळी नाती होती: काकाला ‘पात्रुउस’, आत्याला ‘अमिता’, मामाला ‘अवुन्कुलुस’, मावशीला ‘मातेर्तेरा’. पुढे हे भेद पुसले गेले. ‘अवुन्कुलुस’वरून ‘अंकल’ झाला आणि ‘अमिता’वरून ‘आंट’. म्हणून शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर अंकल म्हणजे मामा आणि आंट म्हणजे आत्या.

इंग्रजीतही पूर्वी या शब्दाचा पैस मोठा होता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये क्लॉडिअस राजा आपल्या पुतण्याला ‘कझन’ म्हणतो. आजचा नेमका अर्थ नंतर पक्का झाला. जुनं इंग्रजी वाचताना हे लक्षात ठेवा.

९. फर्स्ट, सेकंड, थर्ड कझन कसे ओळखायचे?

दोघांचा सगळ्यात जवळचा सामायिक पूर्वज शोधा. आजी-आजोबा सामायिक असतील तर फर्स्ट. पणजी-पणजोबा असतील तर सेकंड. खापरपणजोबा असतील तर थर्ड. नुसतं ‘कझन’ म्हटलं की अर्थ फर्स्ट कझन असाच घेतात.

राणी दुसरी एलिझाबेथ आणि तिचे पती प्रिन्स फिलिप हे थर्ड कझन होते. दोघेही व्हिक्टोरिया राणीपासून चौथ्या पिढीतले.

१०. ‘वन्स रिमूव्ह्ड’ म्हणजे काय? कोणाला दूर केलं?

कोणालाही नाही. ‘रिमूव्ह्ड’ म्हणजे पिढीचं अंतर. दोघे एकाच पिढीत नसतील तर किती पिढ्यांचा फरक, ते हा शब्द सांगतो: एक असेल तर ‘वन्स’, दोन असतील तर ‘ट्वाइस’.

ब्रिटिश राजघराण्यातलंच उदाहरण घेऊ. विल्यमची आत्या प्रिन्सेस अ‍ॅन आणि तिची मुलगी झारा. विल्यम आणि झारा फर्स्ट कझन. विल्यमचा मुलगा जॉर्ज आणि झाराची मुलं यांचे पणजी-पणजोबा एक, म्हणून ती सेकंड कझन. आता झारा आणि जॉर्ज? झारा एका पिढीनं वर आहे, म्हणून ती जॉर्जची फर्स्ट कझन वन्स रिमूव्ह्ड. जॉर्जही तिचा फर्स्ट कझन वन्स रिमूव्ह्डच. हा शब्द दोन्ही बाजूंनी सारखा चालतो आणि वरची पिढी कोणती ते सांगत नाही, ही त्याची खरी अडचण.

आकड्यांत हवं असेल तर प्रत्येकापासून सामायिक पूर्वजापर्यंतच्या पायऱ्या मोजा. लहान आकड्यातून एक वजा केला की फर्स्ट-सेकंड कळतं, आणि दोन आकड्यांमधला फरक म्हणजे ‘रिमूव्ह्ड’. झारापासून राणी एलिझाबेथपर्यंत दोन पायऱ्या, जॉर्जपासून तीन. दोनातून एक गेला, उरला एक: फर्स्ट. फरक एक: वन्स रिमूव्ह्ड.

११. माझ्या मामेबहिणीची मुलगी ही माझी सेकंड कझन का?

नाही. हा सगळ्यात जास्त होणारा घोटाळा आहे आणि खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेलेही तो करतात. ती तुमची फर्स्ट कझन वन्स रिमूव्ह्ड. तुमची मुलं आणि ती मुलगी आपसात सेकंड कझन.

मराठीत ती तुमची भाची, आणि तुम्ही पुरुष असाल तर चुलतभावाची मुलगी पुतणी. इंग्रजीतले ‘नीस’ आणि ‘नेफ्यू’ मात्र सख्ख्या किंवा सावत्र भावाबहिणींच्या, नाहीतर जोडीदाराच्या भावाबहिणींच्या मुलांसाठीच आहेत. कझनच्या मुलीला ‘माय नीस’ म्हटलं तर ऐकणारा तिला तुमच्या सख्ख्या भावंडाची मुलगी समजेल. हाक मारण्याची गोष्ट वेगळी. आईवडिलांच्या कझनला ‘अंकल’, ‘आंट’ म्हणण्याची पद्धत बऱ्याच इंग्रजी घरांतही आहे.

१२. आजोबांच्या भावाच्या घरातली नाती कशी सांगायची?

आजोबांचा भाऊ म्हणजे ग्रेट-अंकल किंवा ग्रँडअंकल. त्यांचा मुलगा, आपला चुलतकाका, फर्स्ट कझन वन्स रिमूव्ह्ड. त्या काकाचा मुलगा, आपला चुलतचुलत भाऊ, सेकंड कझन. भावकीत यापुढची जी घरं असतात त्यांना इंग्रजीत ‘डिस्टंट कझन’ म्हटलं तरी भागतं.

१३. ‘कझन ब्रदर’ म्हणणं चूक आहे का?

भारतीय इंग्रजीत हे रूप घट्ट रुजलेलं आहे आणि आपसात बोलताना ते अगदी नीट कळतं. त्याला अडाणीपणा समजणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या समाजात चुलतभावाला ‘दादा’ अशी हाक मारतात, त्याला भाऊबीजेला ओवाळतात, तिथे नुसतं ‘कझन’ कोरडं वाटणारच. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांच्या इंग्रजीतही ‘कझन-ब्रदर’ आहे, कारण त्यांच्याही व्यवस्थेत काही चुलत-मावस भावंडं सख्ख्यांसारखी धरतात.

पण ब्रिटिश आणि अमेरिकन प्रमाण इंग्रजीत हे रूप नाही. परीक्षेत, नोकरीच्या पत्रव्यवहारात, अर्जात नुसतं ‘कझन’ लिहा. स्त्री की पुरुष ते पुढच्या ‘ही’ किंवा ‘शी’नं कळतं. मराठीत हा प्रश्नच येत नाही, ‘माझा कझिन आला’ आणि ‘माझी कझिन आली’ यांत लिंग उघड आहे.

१४. तो माझा मामेभाऊही आहे आणि आतेभाऊही. हे इंग्रजीत कसं सांगायचं?

साटंलोटं झालेल्या घरांत हे होतं. एका घरातले भाऊबहीण दुसऱ्या घरातल्या बहीणभावाशी लग्न करतात, आणि मग मामी ही आत्याच असते. दोन सख्ख्या भावांना दोन सख्ख्या बहिणी दिल्या असतील तर मुलं चुलत आणि मावस अशी दोन्ही. इंग्रजीत अशांना ‘डबल कझन’ म्हणतात, किंवा नेमकं म्हणजे ‘डबल फर्स्ट कझन’.

त्यांचे चारही आजी-आजोबा एकच असतात. साध्या फर्स्ट कझनमध्ये आनुवंशिक वाटा सरासरी १२.५ टक्के सामायिक असतो, डबल कझनमध्ये २५ टक्के, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकच सामायिक असलेल्या सावत्र भावंडांएवढा. डॉक्टर घराण्यातल्या आजारांचा इतिहास विचारतात तेव्हा हे आवर्जून सांगावं.

१५. व्हिसाच्या अर्जात चुलतभावाला ‘ब्रदर’ लिहिलं तर?

लिहू नका. अर्जातला ‘ब्रदर’ म्हणजे तुमच्या आईवडिलांपैकी निदान एकाचा मुलगा किंवा दत्तक भाऊ. अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जात आईवडील सोडून जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का, असा प्रश्न असतो. तिथे नियोजित वधू किंवा वर, पती-पत्नी, मुलं आणि सख्खी भावंडं एवढेच धरतात, कझन त्यात येत नाहीत. अमेरिकन नागरिक आपल्या भावाबहिणीसाठी ग्रीन कार्डची याचिका करू शकतो, कझनसाठी तशी सोय नाही. घरात तो कितीही सख्खा असला तरी कागदावर आईवडिलांची नावं जुळत नाहीत, आणि मुलाखतीत ही विसंगती खोटं बोलल्यासारखी दिसते. माणूस प्रेमापोटी लिहितो आणि निष्कारण अडकतो.

१६. वारसाच्या कागदपत्रांत ‘कझन’ पुरेसं आहे का?

नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाचे वर्ग एक आणि वर्ग दोनचे वारस नसतील, तर आधी ज्यांचं नातं पूर्णपणे पुरुषांच्या साखळीतून येतं त्यांचा हक्क लागतो, आणि त्यानंतर इतर रक्तनातेवाइकांचा. चुलतभाऊ आणि चुलतबहीण पहिल्या गटात येतात. आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ दुसऱ्या गटात. ‘कझन’ या शब्दातून नेमकी हीच माहिती गळते. अशा कागदावर नात्याची वाट पूर्ण लिहावी (प्रश्न १८).

१७. मामाच्या मुलीशी लग्न आमच्यात चालतं. परदेशी मैत्रिणीला कसं समजावू?

‘कझन मॅरेज’ म्हणून सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात आठही नाती एकदम येतात, आणि आपल्याकडे तर चुलतबहिणीशी लग्नाचा विचारही कोणी करत नाही. मानववंशशास्त्रात यासाठी नेमके शब्द आहेत. भाऊ-भाऊ किंवा बहीण-बहीण यांची मुलं ‘पॅरलल कझन’, म्हणजे आपली चुलत आणि मावस भावंडं. भाऊ-बहीण यांची मुलं ‘क्रॉस कझन’, म्हणजे मामे आणि आते. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत यांतल्या फक्त मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ सालच्या इंग्रजी ग्रंथात या चालीची तपशिलानं चर्चा केली आहे, आणि महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं आहे.

कायद्याचं म्हणाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार भाऊ-बहीण, भाऊ-भाऊ किंवा बहीण-बहीण यांच्या मुलांचं आपसातलं नातं लग्नाला निषिद्ध आहे. दोघांच्याही समाजाची रूढी तशी परवानगी देत असेल तरच सूट आहे.

१८. मग नातं इंग्रजीत नेमकं लिहायचं कसं?

बोलताना ‘कझन ऑन माय मदर्स साइड’ किंवा ‘ऑन माय फादर्स साइड’ एवढं बहुतेक वेळा पुरतं. लेखी हवं असेल तर साखळी लिहा. मामेभाऊ: मदर्स ब्रदर्स सन. आतेबहीण: फादर्स सिस्टर्स डॉटर. चुलतभाऊ: फादर्स ब्रदर्स सन. मावसबहीण: मदर्स सिस्टर्स डॉटर. वाचायला लांब वाटतं, पण वकील, डॉक्टर आणि व्हिसा अधिकारी या तिघांनाही यात दुसरा अर्थ काढता येत नाही. मामेबहिणीच्या नवऱ्याला ‘कझन-इन-लॉ’ म्हणता येतं, पण ‘माय कझन्झ हझबंड’ जास्त स्वच्छ.